सहलीला जाणारं कुटुंब

"कोळणीनं मासे विकावेत. विमा विकायला गेली की हे असं होतं."

वाक्य शेजारच्या काकूचं. पडवीत बचत गटाच्या बायका बसल्या होत्या, मी आत चहा गाळत होते, आणि मधल्या दाराला नुसता पडदा. दोघीतिघी हसल्या. मग काकूच माझ्याबद्दल म्हणाली, "आमच्या तन्वीला नीट दाखवलं असतं ना, तर तिनं एकेक अक्षर वाचून काढलं असतं. इंग्रजी शाळेत घातलं ते काय उगीच?"

मला राग आला. इतका, की चहा कपाबाहेर जातोय हेही कळलं नाही.

पण राग कुणाचा? काकूचा, ती जातीवरून बोलली म्हणून? हसणाऱ्या बायकांचा? शिकलेल्या मुलीने जसं रागवायला हवं तशी मी रागावले होते — मनातल्या मनात, ओट्यापाशी उभी राहून, हातात गाळणी धरून. आणि काकूला ते वाक्य बोलायची सोय कुणी करून दिली होती? मी. माझ्या त्या रागाचीच मला आज जास्त चीड येते.

त्यानंतर मी पडवीत जाऊन जे बोलले ते गावाला माहीत आहे. चार दिवस बोललं गेलं, मग विरलं. पण त्याच्या मागे जे आहे ते मी कुणापुढेच काढलेलं नाही, आईपुढेही नाही. कारण आईने विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. आमच्याकडे मला कुणी काही विचारत नाही — ती लाजरी आहे, असं ठरलेलं आहे.

लाजरी. हा शब्द लहानपणापासून माझ्या अंगावर आहे. त्याने मला किती वेळा वाचवलं, हे मलाच ठाऊक. त्याबद्दलही सांगणार आहे. पण आधी ट्रेलर.

मुरुडच्या अलीकडे, हमरस्त्यावरून समुद्राकडे खाली उतरलं की आमची वाडी. नारळ, सुपारी, थोडी केळी, आणि मध्ये घर. बाबा शाळेत मास्तर होते, निवृत्त झाले. शनिवार-रविवारी आम्ही आमच्या खोल्या पाहुण्यांना देतो आणि स्वतः पडवीत सतरंज्या टाकून झोपतो. किनाऱ्यावरच्या निम्म्या घरांत हेच चालतं, त्यात काही विशेष नाही. माझ्या पलंगावर कोण कोण झोपून गेलं याची गणती नाही. माझ्या आरशाला टिकल्या चिकटवून गेलेल्या बायका, माझ्या उशीवर तेलाचा डाग ठेवून गेलेले काका, माझ्या कपाटाचं कुलूप हलवून बघणारी पोरं. "मुलगी गोड आहे हो तुमची. जरा गरम पाणी मिळेल का?" मी पाणी द्यायचे. तोंडातून अक्षर नाही.

दादाने ट्रेलर आणला तो याच्यावरच उपाय म्हणून. गाडीच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. आत दोन बाकं, ती उघडली की पलंग होतात, छोटी मोरी, खिडक्यांना पडदे. पुण्याच्या एका माणसाने हौसेने घेतलं, दोनदा फिरला आणि कंटाळला. दादाने ते कर्ज काढून घेतलं आणि ताम्हिणी घाटातून माणगावला उतरवून इथवर आणलं. आमच्या गल्लीत ते शिरेना. शेवटी काकूच्या बाजूचा गडगा दगड-दगड काढून वाट केली. दादाचा बेत सरळ होता — ट्रेलर वाडीत माडांखाली उभा करायचा, पाहुण्यांना द्यायचा, सीझनमध्ये कधी काशीदच्या बाजूला नेऊन लावायचा. घरातली एक खोली मोकळी होणार होती. आई म्हणाली, आता तन्वीची खोली तन्वीला. तिने पडदेही नवे शिवले, निळे.

हे मी का सांगते? तुम्ही मला समजून घ्यावं म्हणून? तसं असेल तर आत्ताच थांबवा मला. मी हे सांगते, कारण त्या ट्रेलरचा सगळ्यात जास्त फायदा मला होणार होता, आणि तो बुडवला मीच.

विम्यासाठी सुरेखाताईला बोलावलं. सुरेखाताई खालच्या कोळीवाड्यातली. तिच्या घरच्यांची होडी आहे. आधी होड्यांचे विमे उतरवायची, मग स्कूटरींचे, मग आमच्या आळीतल्या गाड्यांचे. मला ती आवडायची नाही. खरंच सांगते. तिचा आवाज तिसऱ्या वाडीत जायचा, ती नेमकी जेवायच्या वेळी यायची, आणि मला बघितलं की विचारायची, "काय गं, तोंडात बोंबील धरलायस काय? बोल की." सगळे हसायचे. मी आत जायचे.

त्या संध्याकाळी ट्रेलरमध्येच बसून तिने समजावलं. एकदम स्वस्त विमा म्हणजे कायद्यापुरता — आपल्या ट्रेलरने दुसऱ्या कुणाचं काही नुकसान केलं तर तेवढंच भरून मिळणार, आपलं गेलं तर गेलं. दुसरा, त्यात आपल्या ट्रेलरचंही नुकसान धरलेलं, वादळ आलं, झाड पडलं तरी. वर आतल्या सामानाचा वेगळा. आत झोपणाऱ्या माणसांचा वेगळा.

दादाला पहिलाच हवा होता. तो म्हणाला, "उभाच तर राहणार आहे सगळा वेळ. कुठे पळून जाणार आहे?" बाबांनी वर माडांकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, हे उभे असतात तोवर उभे असतात. झाडाचं धरलेलं हवं. आईचं म्हणणं एकच, पाहुण्यांच्या पोरांना काही झालं तर? तासभर हेच चाललं. घरात भांडणं होत नाहीत आमच्या, पण त्या संध्याकाळी आवाज चढले. मी कोपऱ्यात बसून मोबाइलवर बेरजा करत होते आणि कुणाचं काय चुकतंय ते बघत होते. ते मला चांगलं जमतं.

शेवटी सगळं धरलेला विमा ठरला. आणि सुरेखाताई उठता उठता म्हणाली — हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं, कारण पुढे मी ते विसरल्याचं नाटक केलं — "एक ध्यानात ठेवा. भाड्यानं देणार तर भाड्याचाच विमा घ्यायचा. महाग पडतो, पडू दे. ट्रेलरचा मी पयल्यांदाच करते हाय, पण इतकं मना ठाव हाय." मग ती माझ्याकडे वळली. कंपनीचा फोन येईल, सगळं एकदा विचारून घेतात, बहुतेक इंग्रजीत. "तो तू घे. तूच हाईस इंग्लिशवाली."

फोन दोन दिवसांनी आला. रेंज विहिरीपाशीच लागते, म्हणून मी विहिरीच्या कट्ट्यावर बसले. पलीकडे एक मुलगी होती, माझ्याच वयाची असावी. तिचं इंग्रजी माझ्या शाळेतल्या मुलींसारखं होतं. अलिबागला मावशीकडे राहून मी ज्या शाळेत शिकले तिथल्या मुलींसारखं, जिभेवर सहज बसलेलं. तिने नाव विचारलं, पत्ता विचारला. मी उत्तरं देत गेले. मला फोनवर बोलायची भीती वाटते हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी वाटली नाही. इंग्रजीत मी जरा वेगळी असते. इंग्रजीत माझ्या तोंडात बोंबील नसतो.

मग तिने विचारलं, हा ट्रेलर तुमच्या कुटुंबाच्या सहलींसाठीच ना?

ट्रेलर माझ्या समोर उभा होता. निळ्या पडद्यांआड आई गाद्यांवर चादरी घालत होती. शनिवारचे पाहुणे ठरले होते.

मी म्हटलं, हो.

ऐकायला चुकले असेन, असं तुम्हाला वाटतंय का? प्रश्न नीट कळला नसेल? मीही स्वतःला बरेच दिवस हेच सांगत होते. पण तिनेच मला पुन्हा विचारलं. चांगली मुलगी होती. म्हणाली, कधीमधी भाड्याने देणार असाल तर आत्ताच सांगा, त्याचा प्रकार वेगळा असतो. आणि मी — मी हसले. छोटंसं, नाकातून. माझ्या शाळेतल्या मुली हसायच्या तसं. जसं काही तिने आमच्या घराबद्दल भलतंच काही विचारलं. म्हटलं, छे, भाड्याने कशाला?

आणि तिथेही थांबले नाही. ती सहज म्हणाली, किती छान, पहिली सहल कुठे? मी म्हटलं, गोवा. मग केरळ. आम्ही दर हिवाळ्यात कुठे ना कुठे जातो. बाबांना ड्रायव्हिंग आवडतं.

बाबांना गाडी चालवता येत नाही. आम्ही कधीच कुठे गेलेलो नाही. सुट्ट्या लागल्या की जग आमच्याकडे येतं, मग आम्ही जाणार कधी? शाळेत दरवर्षी जूनमध्ये बाई विचारायच्या, सुट्टीत कोण कोण कुठे गेलं. एकदा मी खरं सांगितलं होतं — आम्ही कुठे जात नाही, लोक आमच्याकडे येतात. मागून कुणीतरी विचारलं, म्हणजे हॉटेल? वर्ग हसला. त्यानंतर मी शाळेत आमच्या घराला फार्महाउस म्हणायला लागले. पण हे कारण म्हणून पुढे करत नाही मी. वर्गात हसलं गेलेलं प्रत्येक पोर काही मोठेपणी दुसऱ्याच्या पोटावर पाय देत नाही.

फोन संपला तेव्हा मी खूश होते. कट्ट्यावर बसून राहिले थोडा वेळ. एका अनोळखी मुलीच्या डोक्यात आत्ता आम्ही गोव्याच्या रस्त्याला लागलेलो होतो, हे मला फार आवडलं. आईने ट्रेलरमधून हाक मारून विचारलं, झालं का गं बोलून? मी म्हटलं, झालं.

विमा थोडा स्वस्त पडला. दादा खूश. सुरेखाताईने विचारलं का, की स्वस्त कसा पडला? नाही विचारलं. तेवढी तिची चूक. ती मी मोजून ठेवली होती, पुढे स्वतःला सांगायला उपयोगी पडेल म्हणून.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी वारा सुटला आणि विहिरीमागचा जुना माड मधूनच मोडून ट्रेलरच्या मागच्या अंगावर आला. छत आत गेलं, मोरी चेपली. पाहुणे किनाऱ्यावर गेले होते म्हणून निभावलं. कंपनीचा माणूस दुसऱ्याच सकाळी पाहणीला आला तेव्हा त्यांच्या बॅगा अजून आतच होत्या, आणि दारावर दादाने लावलेली दरांची पाटी. बाबा अभिमानाने त्याला सांगत होते, शनिवार-रविवार हा कधी रिकामा नसतो बघा. मी तिथेच उभी होते. मी बाबांना थांबवायला हवं होतं, की आधीच कधीतरी तोंड उघडायला हवं होतं? तो माणूस खिन्नपणे मान हलवत म्हणाला, मास्तर, तुम्ही तर हा स्वतःच्या वापरासाठी म्हणून सांगितलाय. बाबा म्हणाले, कुणी सांगितलं? तो म्हणाला, आमच्याकडे तसंच आहे.

बाबांनी एकच नाव घेतलं. सुरेखा. दादानेही तेच घेतलं. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. आणि मला तेव्हा काय वाटलं, सांगू? आधी सुटका वाटली. आणि मग — हे लिहायलाही लाज वाटते — थोडा अपमान. एवढा मोठा फोन मी घेतला होता, आणि तो कुणाच्या लक्षातही नव्हता.

नुकसानभरपाई मिळाली नाही. दादा म्हणाला, असे फोन रेकॉर्ड होतात, आपण मागवू. मी म्हटलं, ते देत नाहीत. देतात की नाही मला माहीत नव्हतं, आजही नाही. पण इंग्रजीतलं जग माझ्या ताब्यात होतं, त्यात काय मिळतं आणि काय नाही हे मी म्हणेन ते. दादाने पुन्हा विचारलं नाही. कर्जाचे हप्ते राहिलेच होते, म्हणून त्याने माणगावला एका गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरी धरली.

बाबा सुरेखाताईच्या दारात गेले, आणि मला बरोबर घेऊन गेले — काही इंग्रजी निघालं तर म्हणून. बाबांना मी कधी ओरडताना पाहिलं नव्हतं. ते तिथेही ओरडले नाहीत. पण कोळीवाड्याच्या मधल्या वाटेवर, जाळी विणत बसलेल्या माणसांसमोर ते म्हणाले, कळत नव्हतं तर नाही म्हणायचं होतं, लोकांच्या घरावर कशाला शिकायचं? सुरेखाताई आधी भांडली. मग थांबली, आणि माझ्याकडे वळली.

"तन्वी, तू होतीस ना गं तिथं? मी काय बोलली होती, सांग की."

मी खाली बघितलं.

तेवढंच केलं मी. काही खोटं बोलले नाही. नुसतं खाली बघितलं, माझ्या चपलांकडे. आणि बाबा म्हणाले, "तिला मधे ओढू नका. तिला चारचौघांत बोलता येत नाही."

हे कसं सोयीचं असतं, कळतंय का तुम्हाला? ज्या मुलीला बोलता येत नाही तिच्याकडून खरं कुणी मागत नाही, आणि ती खोटं बोलेल असंही कुणाच्या मनात येत नाही. मी गप्प बसले, आणि त्याला चांगलं वळण म्हणून नाव मिळालं. वाटेत बाबा मला म्हणाले, तुला उगाच आणलं, मनाला लावून घेऊ नकोस. मनाला लावून घेऊ नकोस, मला!

त्यानंतर आमच्या आळीतल्या घरांनी एकेक करत गाड्यांचे विमे तिच्याकडून काढून मुरुडच्या दुसऱ्या एजंटाकडे दिले. बाजारात तिला पापलेटचा विमा उतरवतेस का म्हणून चिडवायला लागले. स्कूटरवरून ती आमच्या गल्लीत येईनाशी झाली. मला घरात तिचा आवाज नकोसा व्हायचा ना? तो बंद झाला. तीन महिने बंद होता. मी माझ्या स्वतःच्या पलंगावर झोपत होते, कारण त्या वर्षी सीझन मंद गेला.

आणि मग ती बचत गटाची दुपार. गटाची सचिव सुरेखाताई होती, पहिल्यापासून. तिला काढायचं ठरवायला बायका जमल्या होत्या. आणि ती काकूचं ते वाक्य ऐकत समोरच बसली होती, पडवीच्या कडेला, जोत्यावर पाय सोडून. मी पडदा सारून चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा ती बोलत होती, आणि तिचा आवाज मला नीट ऐकूही येईना. ती म्हणत होती, "माझ्याकडूनच काय तरी राहिलं असंल. ट्रेलरचा पयल्यांदाच केला ना मी. काढा मना, माझं काय म्हणणं न्हाय."

तिला स्वतःलाच तसं वाटायला लागलं होतं. तिने बरोबर सांगितलेलं तिने स्वतःच सोडून दिलं होतं. गावाने तिच्यावर काय लादलं ते मी रोज बघत होते, पण हे मला ठाऊक नव्हतं. मी खाली बघितलं तेव्हा मी तिच्याकडून हेही काढून घेतलं होतं.

मी ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, सुरेखाताईंनी भाड्याचाच घ्या म्हणून सांगितलं होतं. फोन मी घेतला. मला दोनदा विचारलं, आणि मी दोन्हीदा खोटं सांगितलं.

बायकांत बसलेली आई पुढे सरसावली — आणि इथे मला जो राग आला तो खरा होता, माझ्या आयुष्यातला पहिला खरा राग — आई म्हणाली, घाबरली असेल हो पोर, फोनवर सगळं इंग्रजीतून, तिला आधीच बोलायची सवय नाही. काकूने लगेच री ओढली, हो ना, आणि बघा, आता आपणहून सांगितलं, किती गुणाची. बायकांनी माना हलवल्या. दोन क्षणांत त्यांनी मला उचलून पुन्हा माझ्या जागेवर नेऊन ठेवलं, स्वच्छ पुसून. मी काय बोलले हे कुणी ऐकलंच नव्हतं का? एका बाईचं नाव धुळीला मिळवलं होतं मी, आणि तिच्या देखत यांना माझीच कीव येत होती. त्यांना सोडून द्यायचीच एवढी हौस होती, तर तीन महिने तिला का नाही सोडलं?

सुरेखाताई मात्र मान हलवत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, "फोनवर घाबरलीस. आणि माझ्या दारात?"

आई म्हणाली, जाऊ दे ना आता. मी आईचा हात बाजूला केला.

"मी घाबरले नव्हते," मी म्हटलं. "फोनवर मला छान वाटत होतं. आणि तुमच्या दारात गप्प राहणं सोयीचं होतं."